नाव घालून म्हणायचं गाणं

फरजाना कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हतीच. दापोलीकडच्या गावात मामीशेजारी बसून ती हळदीची गाणी शिकली, लग्न होऊन कुवेतला आली आणि तिथल्या सलवा वस्तीत शिवणाच्या मशीनवर बसून गात राहिली. कपडे टाकायला आलेल्या बायका गाणं संपल्याशिवाय हलायच्या नाहीत.

तिचा पहिला अल्बम काढला इद्रीसशेठ मुकादमांनी. टाइल्सचे मोठे व्यापारी, हौशी माणूस. पण कसली मेली ती हौस! कोकणी शब्द काढून हिंदी घातले, वर कीबोर्ड, आणि गाणी इतकी धुऊनपुसून घेतली की फरजानाला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. ऐकला कुणी? शेठच्या नातेवाइकांनी, तोही एकदाच.

दुसऱ्या अल्बमला मात्र तिनं हळदीतली अस्सल गाणी काढली. त्यात एक होतं, परदेशी जाऊन घराकडे न फिरकणाऱ्या नवऱ्याचा उद्धार करणारं : ‘दर्यापार गेलास रे अमक्या, घरची चूल इसरलास.’ अमक्याच्या जागी घरातल्या एखाद्या पुरुषाचं नाव घालायचं, ते घरच्या बाईनं सुचवायचं, ही रीतच.

शेठ भडकले. “हे गाणं नको. आपले पुरुष इथं उन्हात राबतात, त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणतेस?”

“राबतात ना, शेठ. आणि मागं राहिलेली काय झोपा काढते?”

“मग माझ्याकडून काही मिळणार नाही.”

“नको!”

घरी येऊन ती रडली, पण रागानं. नवरा साकिब शहराबाहेर अम्गऱ्यात भंगाराच्या यार्डात कामाला. त्याचा दोस्त मुबीन तिथंच सुतारकाम करायचा. त्यानं आपल्या कारखान्यामागच्या खोलीला आवाज अडवायला फोम ठोकून दिला, शुक्रवारी करवती बंद असताना रेकॉर्डिंग केलं, ढोलकही स्वतःच वाजवला. अल्बम मोबाइलवर सोडला आणि असा गाजला म्हणता! रत्नागिरीपर्यंत एक हळद त्याच्याशिवाय होईना. ज्यांची अब्रू जाणार होती ते अम्गऱ्यातले ड्रायव्हरच तो गाडीत मोठ्यानं लावायला लागले.

मग शेठच्या मुलीची, अफ्रीनची, हळद आली. हॉल समुद्रकाठी, फिंतासला. अफ्रीननं हट्ट धरला, गाईल तर फरजानाआंटीच. शेठनी फरजानाला दारातच गाठलं.

“ये, बाय. पण तेवढं एक सोडून गा.”

“सगळं गाईन, नाहीतर ही मी चालले.”

“पापा, इट्स माय हळद!” अफ्रीन आतून ओरडली.

शेठ दाराशीच उभे राहिले. फरजानानं मुद्दाम तेच गाणं आधी धरलं. नावाशी आली, थांबली आणि रीतीप्रमाणं शेठच्या बायकोकडे, असमाभाभींकडे, तिनं पाहिलं. भाभी चार माणसांत कधी तोंड न उघडणाऱ्या. एखाद्या दिराचं नाव सांगतील, बायका हसतील, एवढंच तिला वाटलं होतं.

असमाभाभी हळदीच्या हातांनी उठल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं.

“इद्रीसचं घाल,” त्या म्हणाल्या. “तिकडे गावात माझी पोर चालायला लागली, बोलायला लागली, तरी बाप कसा दिसतो ते तिला फोटोतच दाखवत होते मी.”

कुणी हसलं नाही. इतके दिवस शेठला पुरून उरलेल्या फरजानाला पुढची ओळ म्हणताच येईना. ती असमाभाभींनीच म्हटली, नाव घालून, दाराकडे बघत.