सिद्धरामनं काढलेल्या दोन अँटेना

सोलापुरातल्या त्या जुन्या कॉलेजात सिद्धराम बंडगरला सगळे ‘इंजिनियर’ म्हणायचे, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. कागदोपत्री तो प्रयोगशाळा परिचर होता. बाप बिरप्पा मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या माळावर मेंढरं राखायचा. सिद्धराम बारावीला दोनदा बसला, दोनदा आपटला, आणि मग ओळखीनं कॉलेजात चिकटला. पहिली काही वर्षं घंटा देणं, फळे पुसणं, टपाल पोचवणं यातच गेली.

एकदा ग्रंथालयातला कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाला आठ दिवस येईना. ग्रंथपाल मालतीबाई वैतागून म्हणाल्या, “सिद्धराम, तू उघडून बघ. बिघडलाच आहे, तू आणखी काय बिघडवणार?” त्यानं घाबरत झाकण काढलं, आत बोटभर धूळ. दुरुस्तीवाल्याला पूर्वी करताना पाहिलं होतं तसं त्यानं मेमरीची पट्टी काढली, तिच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरवलं, पुन्हा बसवली. मशीन सुरू झालं. बाईंनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं.

तिथून पुढं सतरा-अठरा वर्षं कुठलंही मशीन रुसलं की सिद्धरामला बोलावणं यायचं. त्याला इंग्रजी फारसं यायचं नाही. पडद्यावर काय लिहून आलंय यापेक्षा कुठलं चित्र कुठं असतं हे तो ध्यानात ठेवायचा. ग्रंथालयाची तार उंदरांनी कुरतडली तेव्हा त्यानंच तिथल्या डेस्कटॉपला वायफायचं कार्ड बसवलं. लोखंडी कपाटांमागं सिग्नल मरतो हे त्यालाच कळलं, आणि टेबल चार फूट डावीकडं त्यानंच सरकवलं. बाईंचं एकही काम त्याच्यावाचून अडलेलं त्याला खपत नसे.

आणि मग राजस आला.

राजस पुण्याला शिकलेला, जुळे सोलापूर या नव्या वस्तीत राहणारा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. कॉलेजनं त्याला सगळ्या कॉम्प्युटरांची नि नेटवर्कची व्यवस्था पाहायला नेमलं. आल्या आल्या त्यानं सगळ्या इमारतींत नवे राउटर लावले. ग्रंथालयातलं बारा वर्षांचं मशीन बघून म्हणाला, “बाई, हे खरं तर काढायला झालंय. याच्या कार्डाला नवा सिग्नल दिसणारच नाही. पण थांबा, याच्यापुरती जुन्या पद्धतीची वेगळी लाइन सोडतो.” लॅपटॉप मांडीवर घेऊन तो दहा मिनिटं बसला. मशीनच्या झाकणाला हातसुद्धा लावला नाही. आणि जे पान उघडायला बाईंचा निम्मा चहा संपायचा, ते डोळ्यांदेखत उघडलं.

“अगं बाई! राजस सर, जादू केलीत हो तुम्ही!” मालतीबाई म्हणाल्या.

सिद्धराम शिडीवर उभा राहून पंखा पुसत होता. सतरा वर्षांत बाईंनी त्याला शाबासकी दिली होती, चहा दिला होता, दिवाळीत चिवड्याचा डबा दिला होता. जादू केलीस, असं कधी म्हटलं नव्हतं.

“मामा, जरा ती शिडी बाजूला घेता का?” राजस अगदी अदबीनं म्हणाला.

मामा! इंजिनियरचा एका वाक्यात मामा झाला.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत सगळं कॉलेज राजसकडं वळलं. प्रिंटर अडला, राजस सर. प्राचार्य पासवर्ड विसरले, राजस सर. सिद्धरामला पुन्हा टपाल आणि शिडी. बाकीच्यांचं त्याला एवढं वाटलं नाही, पण बाईंच्या तोंडी दिवसातून चार वेळा राजसचं नाव आलं की त्याचं जेवणावरचं मन उडायचं. घरी बायकोजवळ, सुकन्याजवळ, तो धुसफुसायचा.

“नुसतं बोटं आपटतंय की ते. स्क्रू कुटं असतो म्हाईत न्हाय त्याला.”

“मग तुमाला काय करायचंय? तुमचं काम हलकं झालं की.”

“तुला न्हाय कळायचं.”

“कळतंय की. जळताय तुमी,” सुकन्या भाकरी थापता थापता म्हणाली, आणि तो पाय आपटत बाहेर गेला.

एका शुक्रवारी दुपारी ग्रंथालयात कोणी नव्हतं. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती यायची होती. देणगीत आलेली जुनी पुस्तकं बाई चार वर्षं एकेक करून सूचीत चढवत होत्या. शेवटची दीड-दोनशे उरली होती. ती सूची याच मशीनवरच्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि इंटरनेटशिवाय पुढं सरकत नव्हती. दुसरीकडं बसावं तर लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षा चालू. हे सगळं सिद्धरामला माहीत होतं.

तो जळमटं काढत होता. टेबलाखाली वाकला, मशीनच्या मागं भिंतीकडं हात घातला, आणि कार्डाच्या दोन्ही छोट्या अँटेना फिरवून काढल्या. अँटेना खिशात घालून तो पुढचं जळमट काढायला गेला.

शनिवारी नेट येईना. यायचं, क्षणभर टिकायचं, तुटायचं. राजस आला. त्यानं सेटिंग पाहिली, कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, राउटर बंद-चालू केला, स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिला. तोही तुटला. सोमवारी पुन्हा दोन तास बसला. सिद्धराम दारात झाडू घेऊन उभा. राजसच्या कपाळावरचा घाम त्याला लांबूनही दिसत होता, आणि कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

“कार्डच गेलंय बहुतेक,” राजस शेवटी म्हणाला. “आणि या मशीनवर आता खर्च करण्यात अर्थ नाही. नवीन मागवू या.”

“नवीन यायला महिना जाईल हो! समिती गुरुवारी येतेय,” मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, जुन्या ड्रॉवरमधून कोऱ्या सूचीकार्डांचा गठ्ठा काढला आणि हातानं सूची लिहायला बसल्या.

मंगळवारी सकाळी सिद्धराम ग्रंथालयात शिरला तर बाई आधीच येऊन लिहीत होत्या. उजव्या अंगठ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं होतं. चार कार्डं लिहायच्या, पेन खाली ठेवायच्या, मनगट दाबायच्या, पुन्हा पेन उचलायच्या. त्यांना निवृत्तीला सहा महिने राहिले होते. सिद्धरामला ते बघवेना. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी त्याला हेही वाटलं, की आता वेळ आली. आता आपण मशीन चालू करून दाखवायचं.

“बाई, मी बघू का जरा?”

बाईंनी मान वर केली. “राजस सरांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय रे.”

हे वाक्य त्याला फार लागलं. “त्यास्नी जमलं न्हाय की. मी जपून बघतो.”

“बघ बाबा. नाहीतरी बंदच आहे.”

त्यानं प्लग काढला. मशीन ओढून टेबलावर घेतलं. अँटेना नुसत्या बसवल्या असत्या तर दोन मिनिटांचं काम होतं, पण दोन मिनिटांत झालं तर त्यात काय राहिलं? त्यानं झाकण उघडलं, ब्रशनं धूळ झटकली, मेमरीच्या पट्टीवर खोडरबर फिरवलं. बाई मधूनमधून बघत होत्या, ते त्याला पाठीला जाणवत होतं. मग पाठमोरा होऊन खिशातल्या अँटेना हळूच काढल्या आणि फिरवून घट्ट बसवल्या. मशीन जागेवर ठेवलं, प्लग लावला, बटण दाबलं.

कोपऱ्यात सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या.

“बाई, आलं!”

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “खरंच?”

त्यानं सूचीचं पान उघडलं. पान उघडलं नाही. लाल खुणेची एक पाटी आली, इंग्रजीत चार ओळी. त्यानं ती बंद केली. पुन्हा उघडलं, पुन्हा पाटी. दुसरं पान, तीच पाटी. मशीन बंद-चालू केलं. वायफाय काढून पासवर्ड पुन्हा घातला. राउटरचा प्लग काढून शंभरपर्यंत आकडे मोजले. रेघा भरलेल्या, आणि एक पान उघडेना. अर्धा तास गेला, एक तास गेला. शर्ट पाठीला चिकटला. हे त्यानं केलेलं नव्हतं. अँटेना काढल्या त्याचा उतारा त्याच्याजवळ होता, पण या नव्या दुखण्याचं त्याला काहीच कळत नव्हतं.

“राहू दे सिद्धराम,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात नुसती दमणूक होती.

शेवटी तो स्वतःच उठला आणि राजसला बोलवायला गेला.

राजस आला, रेघा बघून थबकला. “सिग्नल फुल? कसा काय?” मग त्यानं ती लाल खुणेची पाटी वाचली. सिद्धराम तासभर न वाचता बंद करत होता तीच. “मामा, मशीनचा प्लग काढला होता का?”

“व्हय. साफ करायला.”

“घड्याळ बघा.”

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, एक जानेवारी दोन हजार बारा.

“आतला घड्याळाचा सेल संपलाय. प्लग काढला की मशीन तारीख विसरतं. आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित पानं उघडायला नकार देतात. इथं लिहिलंय बघा, तुमचं घड्याळ मागे आहे.” त्यानं तारीख दुरुस्त केली. पान उघडलं.

मालतीबाईंनी हात जोडले. “वाचवलंत हो राजस सर!”

राजस हसला नाही. तो वाकून मशीनच्या मागं बघत होता. सगळ्या पाठीवर धुळीचा थर, आणि दोन अँटेना लख्ख, खिशाच्या कापडानं पुसून निघालेल्या. त्यानं वर सिद्धरामकडं पाहिलं. सिद्धरामनं नजर खाली घातली.

“बाई, अँटेना सैल होत्या,” राजस म्हणाला. “मी मागं हात घालून पाहिलंच नव्हतं. मामांनी त्या घट्ट केल्या, म्हणून झालं.”

“व्वा सिद्धराम!” बाई म्हणाल्या.

तीन महिने ज्या शब्दासाठी तो तळमळत होता तो मिळाला, आणि त्याला वाटलं कोणीतरी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

बाहेर व्हरांड्यात राजसनं त्याला गाठलं. “शुक्रवारी तुम्हीच जळमटं काढली ना?”

सिद्धराम म्हणाला, “व्हय.”

“का पण?”

“तुमी आल्यापासनं बाई मला बोलवत न्हाईत. दुसरं कायबी न्हाय.”

राजस कठड्याला टेकला. “चार दिवस मला वाटत होतं, आपल्याला काही येत नाही. प्राचार्यांनी काल तसं बोलूनही दाखवलं. माझी नेमणूक अकरा महिन्यांची आहे मामा. पुढच्या वेळी ठेवतील की नाही कोण जाणे. तुम्ही कायम आहात. तुम्हाला कोणी काढू शकत नाही. मी रोज तुमच्याकडे बघून हाच विचार करायचो.”

सिद्धरामला हे कधी सुचलंच नव्हतं. ज्याच्यावर तो जळत होता, तो त्याच्यावर जळत होता.

“मग बाईस्नी सांगितलं का न्हाय?”

“ते तुम्ही सांगा,” राजस म्हणाला आणि निघून गेला.

त्यानं तेवढ्यावर सोडलं हेच सिद्धरामला सोसेना. समजूतदारपणातसुद्धा हा आपल्या पुढं! रात्रभर कूस बदलत राहिला. बुधवारी सकाळी ग्रंथालय उघडल्या उघडल्या त्यानं बाईंना सगळं सांगितलं. अँटेना, खिसा, खोडरबर, सगळं.

मालतीबाईंनी ऐकून घेतलं. मग स्वतःचा बँडेज बांधलेला हात त्यांनी टेबलावर ठेवला. “तुला माझा हात दिसत होता ना रे?”

“व्हय बाई.”

“मग?”

बाईंनी हातानं लिहिलेल्या कार्डांचा गठ्ठा त्याच्यापुढं सरकवला. “बस. ही सगळी तू चढव. मी वाचते.”

तो बसला. एका बोटानं, अक्षर शोधून शोधून. बाई नाव वाचायच्या, लेखक वाचायच्या, चुकलं की “पुन्हा” म्हणायच्या. त्यापलीकडं एक शब्द नाही. दुपारी राजस डोकावला, खुर्ची ओढून बसला आणि उरलेली कार्डं त्यानं घेतली. सिद्धरामची दहा व्हायची तेवढ्यात त्याची साठ. गुरुवारी समिती आली, सूची पाहिली, चांगलं म्हणाली, गेली. बाई सिद्धरामशी पहिल्यासारखं बोलायला लागल्या, पण त्याला पंधरा दिवस गेले. आणि पुढं कधीही मशीनला हात लावायचा झाला की त्या उठून त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या. ते त्यानं मुकाट्यानं सोसलं.

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. राजसची नेमणूक वाढली नाही. त्याला हैदराबादला नोकरी लागली, चांगली. त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, त्यामुळं कॉलेजात पुन्हा सिद्धरामला बोलावणं येतं, पुन्हा काही जण इंजिनियर म्हणतात. तो आता पडद्यावरचं इंग्रजी बोट ठेवून, अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचतो. नाहीच कळलं तर राजसला फोन लावतो. परवा कार्यालयातलं मशीन वायफाय धरेना. सकाळपासून दोन वाजेपर्यंत सिद्धराम झटला आणि मग फोन केला. राजसनं तिकडून दोन प्रश्न विचारले आणि वीज वाचवायला मशीन आपलं आपण वायफायचं कार्ड झोपवतंय, त्या सेटिंगपुढची खूण काढा, म्हणून सांगितलं. मशीन चालू झालं.

घरी आल्यावर त्यानं सुकन्याला ते सगळं सांगितलं.

“लई हुशार हाय ते पोरगं,” तो म्हणाला.

“मग तोंड का असं केलंय?”

“दोन मिन्टात सांगितलं गं त्यानं. हैदराबादेत बसून. मी सकाळपासनं मरत हुतो.”