पाळीची कोरी जागा

आठव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं, त्यानंतर मला आवाज सहन होईनासे झाले. कोणी दारात मोठ्यानं बोललं तरी छाती धडधडायची, हात गार पडायचे. बल्लारपूरच्या आमच्या मोहल्ल्यात याला आजार कोणी म्हणत नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी मला त्यांच्या गुरुवारच्या चित्रांच्या खोलीत बोलावलं. सात-आठ जण सतरंजीवर बसून रंगवायचे. चित्राचा अर्थ कोणी कोणाला विचारायचा नाही, एवढा एकच नियम.

माझ्या शेजारी मासेमारी करणाऱ्या घरातली एक बाई बसायची. तिचा नवरा तलावावर जाळं काढायला गेला आणि वाघानं नेला. तिला मयत पाहू दिलं नव्हतं. ती दर वेळी तोच तलाव काढायची. पाणी, जाळं, बेशरमची झुडपं सगळं रंगवायची, पाळ, म्हणजे तलावाचा बांध, मात्र कोरी ठेवायची.

एका गुरुवारी तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, दारात उभे राहिले. चपला न काढताच आत आले.

"चाल घरी. लोक तुले पागल म्हणून राह्यले अन् तू इथी रंग खेळून राह्यली?"

तिनं डोक्यावर पदर ओढला, पण उठली नाही. ताई मधे आल्या तर त्यांनी ताईंनाही झिडकारलं. मग वाकून तिच्यापुढचा कागद उचलला. आता हे फाडणार, असं वाटलं. पळून जावं तर दाराच्या वाटेत तेच होते. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, बसा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते कागदाकडे पाहत होते.

"इथी नोहोता तो," कोऱ्या पाळीच्या मधोमध बोट ठेवून ते हळूच म्हणाले.

ती पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघत बोलली. "मंग कुठी होता? मले कोणीच नाई सांगितलं, भाऊजी."

तिनं ब्रश त्यांच्यापुढे धरला. तो किती वेळ तसाच हवेत होता. शेवटी ते खाली बसले, ब्रश घेतला आणि पाळीच्या टोकाला एक आडवी रेघ ओढली. "इथी. मीच उचलला त्याले." मग त्यांनी तोंड फिरवलं. ती त्या रेघेवर हात ठेवून मोठ्यानं रडली. तिला कोणी गप्प केलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. मला वाटलं, संपलं. त्यानंतरच्या गुरुवारी भासऱ्यांनीच तिला मोटारसायकलवर आणून सोडलं. आत मात्र आले नाहीत.

त्याच दिवशी जेवताना मी नवऱ्याला विचारलं, बाळाला कब्रस्तानात नेमकं कुठं ठेवलं. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, सकाळी नेऊन दाखवतो.