पाण्यावरून आणलेलं घर

एरास्मोकाका एका बाईची दुखरी दाढ बघत होते. आरसा तिच्या तोंडात, दिव्याचा उजेड तिच्या गालावर, आणि काकांचं लक्ष तिच्या खांद्यावरच्या शालीकडे.

"हा निळा रंग कशात उकळलास गं?"

तोंड उघडं असलेल्या बाईनं घशातून नुसता आवाज काढला.

दारातून एदुविनाकाकू ओरडली, "अहो, आधी दाढ काढा, मग रंगाचा विषय काढा!"

बाईला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच काकांनी दाढ उपटली.

काका असे होते. सान रामोनमध्ये ते एकटेच डॉक्टर, आणि समोरच्या लहानलहान बेटांनाही तेच. कुणाच्या घरी रोगी बघायला गेले की लवकर परतायचेच नाहीत. वादळाआधी गाई टेकडीच्या कुठल्या बाजूला बसतात, बोटीच्या दोराची ही गाठ आजोबांकडून आली की सासऱ्याकडून, जांभळा बटाटा शिजताना मधोमध पांढरा का राहतो, सगळं त्यांना हवं असायचं. एकदा मेलेला समुद्रपक्षी जेवणाच्या टेबलावर फाडून बसले, त्यानं काय खाल्लं होतं ते बघायला. काकूनं पक्ष्याला, सुरीला आणि काकांना एकदमच अंगणात काढलं. लोक त्यांना तोंडावर 'डॉक्टर का-बरं' म्हणायचे. ते खूश व्हायचे.

मी त्यांची पुतणी, एल्सिरा. माझे बाबा, क्लोदोमिरो नावेल्किन, हे त्यांचे थोरले भाऊ. आम्ही युताउ बेटावर राहायचो. आजोबा समुद्रात बुडाले तेव्हा काका लहान होते. बाबांनी शाळा सोडून जाळं हातात घेतलं आणि धाकट्याला शिकवलं. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. काका मात्र वाइनचा दुसरा पेला झाला की हमखास बोलायचे, आणि बाबा म्हणायचे, "पुरे रे. नाहीतर ते मासे मीच खाल्ले असते, त्यांची तू पुस्तकं खाल्लीस."

काकांना माणसांची भूक होती. हवा बरी असली की रविवारी आम्ही बोटीनं त्यांच्याकडे जेवायला जायचो. ते धक्क्यावर आधीच येऊन उभे असायचे. माझ्या कानटोपीचे बंद स्वतः बांधायचे, आमचे ओले पाय स्वतः चुलीजवळ शेकायचे. वाऱ्यामुळे आम्हाला जाता आलं नाही तर त्या दिवशी त्यांचा घास अडायचा, असं काकू सांगायची. "आमची चार पोरं समोर बसलेली असतात, आणि ह्यांचा डोळा रिकाम्या खुर्च्यांवर."

मी तेरा वर्षांची होते तेव्हा माझ्या आईच्या, फिदेलियाच्या, पोटात दुखायला लागलं. शाळेतल्या बिनतारी यंत्रावरून मास्तरांनी सान रामोनला कळवलं. दुपारी रेडिओवरच्या निरोपांत आम्ही ऐकलं: 'युताउ बेटावरचे क्लोदोमिरो नावेल्किन यांना निरोप. डॉक्टर निघाले आहेत. बाईंना काही खायला देऊ नये. किनाऱ्यावर घोडा ठेवावा.'

बाबा घोडा घेऊन किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. बंदर बंद झालं. एकही नाववाला तयार होईना. काकांनी एकाच्या हातापाया पडून बोट काढायला लावली, तर इंजिनात पाणी शिरलं आणि लाटांनीच त्यांना परत किनाऱ्यावर आणून टाकलं. वारा पडल्यावर ते आले, तोवर आई गेली होती, तिला मेणबत्त्यांच्या मधे ठेवलं होतं. काका तसेच ओलेचिंब आत आले आणि त्यांनी आईचं मनगट धरलं. सोडेचनात. शेवटी बाबाच म्हणाले, "सोड आता, एरास्मो."

नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, शेजारीपाजारी गेले. काका चुलीशी बसून होते, डोळे सुजलेले. एकदम म्हणाले, "दादा, घर हलवायचं."

"कुठे?"

"सान रामोनला. माझ्या घराच्या खालच्या अंगाला जागा मोकळी आहे. आपलं माणूस ह्यापुढे माझ्यापासून पाण्यापलीकडे राहणार नाही."

बाबांनी चुलीत लाकूड सरकवलं. मग म्हणाले, "घर जुनं आहे. अख्खं ओढून नेलं तर पाण्यात टिकेल?"

काकांना तेवढं बस झालं. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. अख्ख्या बेटाला प्रश्न विचारत सुटले. घर तरंगायला पिपं किती बांधावी लागतील? मोठी भरती कधी? तळाच्या फळ्यांना डांबर आतून लावायचं की बाहेरून? बैलांच्या जोड्या कुणाकुणाच्या? म्हातारे सुतार त्यांना कंटाळून गेले, पण मनातून सुखावलेही. इतकं कुणी त्यांना आयुष्यात विचारलं नव्हतं.

मिंगा ठरली. आमच्याकडे लाकडाचं घर असं अख्खं हलवायचं म्हणजे सगळं गाव येतं, कुणी मजुरी घेत नाही, घरवाल्यानं फक्त पोटभर खाऊ घालायचं. काकू दोन दिवस आधीच युताउवर येऊन बसली. खड्ड्यात दगड तापले, त्यांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाट्याचे रोट. सफरचंदाची दारू पिपांनी आली. माणसं ओरडत होती, बैल माना खाली घालून ओढत होते, आणि आमचं घर झाडांच्या ओंडक्यांवरून कुरकुरत किनाऱ्याकडे निघालं. माझ्या खिडकीचा पडदा तसाच होता, काढायचा राहिलेला.

भरती आली, घर तरंगलं. सगळ्यांनी टोप्या उडवल्या. दोन बोटी पुढे ओढायला. काका पहिल्या बोटीत मागे तोंड करून उभे, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसत होते. बाबा घरात बसून आले. काकांनी बोटीत बोलावलं तर म्हणाले, "घर बुडालं तर मी बाहेर बसून काय बघू?"

घर बुडालं नाही. मात्र सान रामोनचा उतार असा होता की ते उलटंच बसवावं लागलं. युताउवर दार उघडलं की समोर पाणी आणि त्यावर उगवता सूर्य. इथे दार उघडलं की समोर टेकडी आणि काकांचा सरपणाचा ढीग. बाबा रोज सकाळी उठून सवयीनं खिडकीशी जायचे आणि त्या ढिगाकडे बघत उभे राहायचे. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पाण्याच्या बाजूची भिंत फोडून मोठी खिडकी करून दिली. बाबा म्हणाले, "चांगली आहे खिडकी." पण तिथून दिसायचा तो धक्का, परक्यांच्या बोटी.

बाबा मासेमारीला जायचे, पण त्या पाण्याखालचे खडक त्यांना ठाऊक नव्हते. जाळी फाटली. शिवली, पुन्हा फाटली. मग जाणं बंद झालं. आम्ही रोज काकांच्याच टेबलाला जेवायचो. आता सगळ्या खुर्च्या भरलेल्या. काका एका टोकाला बसून सगळ्यांकडे बघत जेवायचे, आणि दुसऱ्या टोकाला बाबा वाळत चालले होते.

काकांनी छाती तपासली, रक्त शहरातल्या इस्पितळात पाठवलं. काही सापडेना.

"दादा, कुठे दुखतं?"

"कुठे नाही."

"मग जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

"पण का?"

"अरे, पोटाला विचार."

एका सकाळी बाबा घरात नव्हते, त्यांची होडीही नव्हती. काका आणि मी नाव घेऊन निघालो. समुद्र तळ्यासारखा शांत होता. कुठे जायचं हे आम्ही एकमेकांना विचारलंसुद्धा नाही.

युताउवर आमच्या घराच्या जागी नुसते खुंट उरले होते. जिथे स्वयंपाकघर होतं तिथे बाबा गवतात बसून बटाटे सोलत होते. जुन्या वाफ्यात राहून गेलेले उकरून काढले होते. दगडांच्या चुलीवर डबा ठेवला होता.

"न सांगता आलास, दादा?"

"सांगायचं काय त्यात? घरी आलो."

"घर तिकडे आहे."

"भिंती तिकडे आहेत."

काका त्यांच्या समोर बसले. "यायचं नव्हतं तर तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? पिपं किती ते विचारलंस. भरती कधी ते विचारलंस. बैल कुणाचे, तेही विचारलंस. मला म्हणालास, घर हलवायचं."

"मला वाटलं तुलाही..."

"फिदेलियाला वाचवता आलं नाही म्हणून तू पोरासारखा रडत होतास. तुला नाही कसं म्हणू?"

आई गेल्यापासून मी बाबांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. काकांनी मान खाली घातली आणि ते गवताची काडी काडी तोडत राहिले. त्यांना काही विचारायचं सुचत नाही, असंही मी पहिल्यांदाच बघितलं.

"बटाटे खाणार?" बाबांनी विचारलं. "मीठ आणलंय."

आम्ही तिघांनी खाल्ले. बाबांनी त्या दिवशी पोटभर खाल्लं. काका म्हणाले, "राहा इथे. मी पत्र्याची खोली बांधून देतो." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोर तिकडे शाळेत जाते." संध्याकाळी ते आमच्याबरोबर परत आले.

पुढच्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत कफ भरला. या वेळी मधे ना पाणी होतं, ना वारा. हाक मारली की काका उतरून येत होते, औषधं होती, सुया होत्या. कशाचाच उपयोग झाला नाही. बाबांना आम्ही युताउवर नेऊन आईशेजारी पुरलं.

त्यानंतर काकांनी एक वेडेपणा केला. घर परत युताउला न्यायचं म्हणून ते धक्क्यावर, दारूच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर माणसं गोळा करू लागले. लोकांनी मान राखून ऐकून घेतलं. मग म्हातारा बैलवाला ओयार्सुन म्हणाला, "डॉक्टर, ओढू की. पण तिथे राहणार कोण?" काका घरी आले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे वर्षानुवर्षं ते डॉक्टरकी करत राहिले, पण गाई आणि गाठींची चौकशी सुटली. आता ते औषध लिहिण्याआधी पेन खाली ठेवून रोग्याला विचारायचे, "तुला काय हवंय?" आणि उत्तराची वाट बघत बसायचे. बायका चिडायच्या. "ते मला कळत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?" एका म्हाताऱ्यानं शहरातल्या इस्पितळात जायला नकार दिला आणि काकांनी त्याला त्याच्या बेटावरच राहू दिलं. तो महिन्याभरात गेला. त्याच्या मुलांनी भर रस्त्यात काकांना शिव्या घातल्या. काका टोपी हातात घेऊन सगळं ऐकत उभे राहिले. त्यांचं बरोबर होतं की मुलांचं, मला आजही सांगता येत नाही. त्यांनाही येत नसावं.

त्यांची चारही मुलं कामासाठी दक्षिणेला गेली. काकांनी एकालाही अडवलं नाही. टेबलाला आम्ही उरलो: काका, काकू, मी, माझा नवरा आणि आमच्या दोन मुली. मी सान रामोनच्याच शाळेत शिकवत होते, त्याच उलट्या घरात राहत होते, अजूनही राहते.

काका वारले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते अंथरुणालाच खिळले होते. मी रोज शाळा सुटली की त्यांच्याकडे जायचे. एकदा उशा नीट करून देत होते, तर त्यांनी माझा हात धरला.

"एल्सिरा, तुला इकडे आणलं ते बरं झालं का गं?"

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण ते माझ्याकडे असे बघत होते की मला खोटं बोलवेना.

"माझं बरं झालं, काका. शिकले, नोकरी लागली, संसार झाला. बाबांचं नाही झालं बरं."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

काकू सूप घेऊन आत आली आणि माझ्यावर कडाडली, "काय बोललीस गं? म्हाताऱ्याला रडवलंस का?"

"तिला नको बोलूस," काका म्हणाले. "मीच विचारलं."

काकूनं वाडगा खाली ठेवला, त्यांचे डोळे आपल्या शालीच्या टोकानं पुसले आणि सूप फुंकर घालून गार करू लागली.