टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

माझी नणंद दिशा महाडच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला आहे. पांढरा कोट, हातात मोजे, सगळं कसं स्वच्छ. पण घरी आली की तिची नखं काळी असायची. ग्रीसची, स्वतःची स्कूटर खोलून बसायची म्हणून. सासूबाई असताना तिला ताटावरून उठवायच्या, "जा, आधी राखेने हात घास." तिच्याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. दुपारी पोथी वाचून झाली की मी रोज चार ओळी लिहिते, पण हे चार ओळींत मावायचं नाही.

आमचं घर पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या वाडीत. घरामागे पेंढ्याच्या उडवीला टेकून एक जीप उभी असायची. पेट्रोलची, अण्णांच्या लग्नाआधीची. अण्णा म्हणजे माझे सासरे, येसाजी. पोलादपुरातल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली. डॉक्टर वारले तेव्हा त्यांच्या मुलांनी ती जुनी जीप अण्णांनाच देऊन टाकली. घरी आणली ती उभीच राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्या सीटखाली कोंबडी अंडी घालायची, आणि अंडी काढायला मलाच जावं लागायचं.

सासूबाई गेल्या आणि अण्णा बोलेनासे झाले. ओट्यावर बसायचे, चहा समोर निवायचा. आमचे हे, म्हणजे किशोर, भांडुपला कँटीन चालवतात, ते दिवसकार्य करून मुंबईला परतले. घरात मी, अण्णा आणि दिशा. एका रविवारी दिशा उठली, मागे गेली आणि कुणाला न विचारता जीपचं बॉनेट उचलायला लागली. ओट्यावरून अण्णा ओरडले,

"अगो, तशी नाय! आधी डावी पकड काढ, तोडशील ती!"

कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून पुरं वाक्य निघालं होतं. मी चुलीपाशी होते, तिथेच देवाला हात जोडले.

तिथून दोन वर्षं ते दोघं त्या गाडीखाली होते. इंजिन खोललं, परत बसवलं. महाडला अमजदभाईंचं गॅरेज आहे, अण्णांचे जुने दोस्त, ते कुठून कुठून सुटे भाग मिळवून द्यायचे आणि वर चिडवायचे, "येसाजी, पोरीचं लगीन कर, ह्या म्हातारीला कशाला नटवतोस?" अण्णा हसायचे. दिशा सुट्टीच्या दिवशी रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला पर्यटक न्यायचे बेत करायची. गाडीला रंग कोणता द्यायचा यावर बाप-लेक दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, शेवटी हिरवा ठरला.

दसऱ्याला गाडी पहिल्यांदा अंगणातून बाहेर निघाली. मी बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. अण्णांचे डोळे भरले होते. सगळ्या वाडीसमोर ते म्हणाले, "आंबेनळी घाट एका दमात, न थांबता चढली, का गाडी तुझी गो दिशा. माझा शब्द."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी देवपूजा झाली की गाडीलाही कुंकू लावायची. घरातलं माणूसच झाली होती ती.

आणि गाडी घाट चढेना.

सपाटीला अगदी गुणी. कापडे गाव मागे पडेपर्यंत घड्याळासारखी चालायची. चढ लागला, थोडं वर गेली, की आचके द्यायला लागायची आणि बंद. अण्णा म्हणायचे, "पंप तापला. पेट्रोलची वाफ होते." मग गोणपाट भिजवून पेट्रोलच्या पंपावर टाकायचं, वाट बघायची. पेट्रोलचा काटा पहिल्यापासून मेलेला, म्हणून सीट उचलून टाकीचं झाकण काढायचं, काडी बुडवून पेट्रोल बघायचं, झाकण लावायचं. सेल्फ मारला की गाडी चालू. पुन्हा थोडं वर, पुन्हा बंद.

दिशाने काय काय केलं नाही! प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉइल नवी आणली. कार्बोरेटर तर इतक्यांदा खोललं की मला त्याचे भाग पाठ झाले. ताटात मांडून ठेवायची, मी भाकरी थापता थापता बघायची. पंपातला पडदा बदलला. पेट्रोलची नळी इंजिनपासून लांब वळवून घेतली. अमजदभाईंनी स्वतः येऊन कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "इंजिनात खोट नाय, बेटी. गाडी एकदम ठणठणीत हाय."

"मग थांबते कशाला, चाचा?"

"तेच तर मला कळत नाय."

अण्णा बाजूला उभे होते. म्हणाले, "म्हाताऱ्या गाडीला घाट नको. सोड गो नाद."

दिशा म्हणाली, "अण्णा, तुम्हीच शिकवलंत, गाडी बंद पडली का गाडीवर चिडायचं नाय, कारण शोधायचं."

मार्गशीर्षात मला प्रतापगडच्या भवानीची ओटी भरायची होती. दिशा म्हणाली, चल, गाडीनेच जाऊ, बंद पडली तर एसटी आहेच. अण्णा म्हणाले, गुडघा दुखतोय, मी नाय येत. ओटीचं सामान मांडीवर घेऊन मी बसले. कापडे गेलं, चढ आला आणि नेहमीच्या वळणापाशी गाडीने आचका दिला. बंद.

दिशाने गोणपाट भिजवलं, पंपावर टाकलं, आणि कठड्यावर बसली. मी सीट उचलायला गेले तर म्हणाली, "थांब वहिनी. आज टाकी उघडायची नाय."

"का गो?"

"रोज आपण दोन गोष्टी करतो. गोणपाट टाकतो आणि झाकण उघडतो. मग गाडी चालू होते. आज एकच करून बघू."

पंप हाताला गार लागेस्तोवर बसलो. तिने सेल्फ मारला. घरघरली, पण पकडेना. पुन्हा मारला. नाही. मग तिने सीट उचलली, टाकीचं झाकण हळूच फिरवलं, आणि सुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला. मलाही ऐकू आला. झाकण लावलं, सेल्फ मारला, गाडी चालू.

दिशा झाकणाकडे बघत राहिली. झाकणावर मधोमध शेंदूर होता. कित्येक दिवसांचा, पुटावर पुट चढून खपली झालेला. तो काही लपलेला नव्हता. आम्ही सगळ्यांनी तो दर खेपेला पाहिला होता. दिशा तर प्रत्येक वेळी त्याला बोट लावून कपाळाला लावायची आणि मग झाकण फिरवायची. देवाचा शेंदूर कोण खरवडतं?

"वहिनी, तुझी पिन दे."

"अगो, देवाचं आहे ते!"

"देव रागावणार नाय. दे."

तिने खपली काढली. खाली बारीकसं भोक होतं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तसतशी त्या भोकातून हवा आत जायला हवी, नाहीतर टाकी आतून ओढून धरते आणि पेट्रोल पुढे सरकतच नाही, असं तिने मला समजावलं. ते समजावताना ती हसत होती. एखादा चोर पकडल्यासारखी. गाडी तिथून जी निघाली ती प्रतापगडापर्यंत कुरकुरलीसुद्धा नाही. मी देवीची ओटी भरली आणि दिशाच्या वतीनेही नमस्कार केला.

घरी आलो. गाडी थांबते न थांबते तोच दिशा ओरडली, "अण्णा, सापडलं! झाकणाचं भोक बुजलं होतं. शेंदराने!"

अण्णा ओट्यावर होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सूनबाईचं काम," ते म्हणाले. "तिला देवदेव फार. रोज गाडीला कायबाय लावीत असते."

दिशा हसायला लागली. "वहिनी, तू तर गाडीचा गळाच दाबलास की!"

मी ओटीचा नारळ हातात घेऊन तशीच उभी. सासऱ्याला तोंडावर खोटं म्हणायची या घरात रीत नाही. मी लावायची ते कुंकू. बॉनेटवर. टाकीच्या झाकणाला माझं बोट कधी लागलंही नव्हतं.

दिशाचं हसू मग आपोआप थांबलं. आमच्या गावात मारुतीला बायका शेंदूर लावत नाहीत. शेंदराची वाटीही हातात घेत नाहीत. ती वाटी ओट्यावरच्या फळीवर असते आणि दर शनिवारी अण्णा ती घेऊन मारुतीला जातात. मी फक्त बाटलीतलं तेल काढून देते. हे दिशाला जन्मापासून ठाऊक.

"अण्णा," ती म्हणाली, "वहिनी शेंदराला हात लावत नाय."

"मग मीच लावला असंन. नजर लागू नये म्हणून. मला काय ठाऊक भोक बुजंल?"

"टाकी धुतली तेव्हा हे भोक मला कोणी दाखवलं? बाभळीचा काटा घालून साफ कोणी केलं? तुम्ही म्हणालात, हे गाडीचं नाक हाय, दिशा, हे बुजलं का गाडी गुदमरते."

अण्णांनी मान खाली घातली.

"मी पण येडी," दिशा म्हणाली. "शेंदूर होता म्हणून त्याच्याखाली बघितलं नाय."

मग अण्णांनी सांगितलं. जमिनीकडे बघत. किशोरने महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याला ती जीप द्यायचं कबूल केलं होतं, फाटकाशी शोभेला उभी करायला. ते गणपतीतच ठरलं होतं. म्हणजे दसऱ्याला सगळ्या वाडीसमोर शब्द दिला तेव्हा गाडी आधीच दिलेली होती. "मला वाटलं तू दमशील आणि आपणहून सोडशील. पोरीची जात, उद्या लगीन होऊन जाशील. गाडी कुठं नेणार होतीस?"

"तर मग मला तोंडावर सांगायचं."

"तोंडावर सांगता आलं असतं तर शेंदूर कशाला लावला असता गो?"

दिशा गाडीपाशी गेली, मी सकाळी लावलेलं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं आणि आत निघून गेली. मला राग आला नाही. त्या गाडीवर देवाचं असं काही तिला नकोच होतं.

मी यांना फोन लावला. विचारलं, शेंदराचं तुम्हाला माहीत होतं का? हे आधी म्हणाले, काय ते? मग म्हणाले, "अगं, तुला सांगणारच होतो. आणि तू रोज पूजा करत होतीस ते बरंच झालं ना, कुणाला संशय आला नाही."

मी फोन ठेवला. देवघरात जाऊन बसले. माझ्या हातची पूजा यांच्या लबाडीला पांघरूण म्हणून घातली गेली होती, आणि घातली ती माझ्याच माणसाने. देवासमोर बसूनही त्या दिवशी जपमाळ हातात धरवेना.

पुढच्या रविवारी दिशा अण्णांना म्हणाली, "चला, बसा." ते मुकाट्याने बसले. मी मागे. झाकण स्वच्छ होतं. घाटाच्या तोंडाशी डॉक्टरांच्या वेळेपासून अण्णा थांबून घाटाच्या देवाला नारळ देतात. देऊळ जवळ आलं तसे ते हळूच म्हणाले, "नारळ..."

"न थांबता म्हणाला होतात, अण्णा."

तिने गाडी थांबवली नाही. मी चालत्या गाडीतूनच हात जोडले. नेहमीचं वळण गेलं. पुढचं गेलं. वर पोचेपर्यंत इंजिनाचा सूर जरासुद्धा हलला नाही. तिने गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि वाट बघितली. अण्णा खालच्या दरीकडे बघत होते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की गाडी तुझी.

"किश्याला शब्द दिलाय गो," ते म्हणाले.

"मला पण दिला होता."

परत येताना ती वळणावळणाला गाडी इतकी जपून घेत होती की मला रडू आलं.

दत्तजयंतीनंतर हॉटेलचा ड्रायव्हर गाडी न्यायला आला. यांनी हॉटेलवाल्याला फोन करून त्याच्याबरोबर पेढे पाठवले होते. मी ते देवासमोर ठेवले नाहीत. अण्णांना वाटलं दिशा बाहेर यायची नाही. ती आली. ड्रायव्हरला सगळं नीट दाखवलं. चोक किती ओढायचा, दुसरा गिअर कुठे अडतो, डावी पकड आधी का काढायची. शेवटी सीट उचलून झाकण दाखवलं.

"हे भोक बघून ठेवा, दादा. आणि ह्याच्यावर देवाचं काही लावू नका."

अण्णा दारातून आत गेले.

गाडी उभी असायची तिथे आता मोकळं आहे, कोंबडीने दुसरीकडे जागा शोधली. शनिवारी अण्णांनी तेल मागितलं, मी दिलं. मारुतीशी माझं भांडण नाही. अण्णा पुन्हा ओट्यावर बसून असतात, चहा निवतो. काल सकाळी दिशा कामाला निघाली तर तिची स्कूटर फटफट करत आचके द्यायला लागली. अण्णांचा कान लगेच उठला. ओट्यावरून म्हणाले,

"प्लग गो तो. बंद कर, मी बघतो."

"नको," दिशा म्हणाली. "अमजदचाचांकडे दाखवते."

प्लग बदलायला तिला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, अण्णांनाही ठाऊक आहे. ती तशीच आचके खात वाडीच्या उतारावरून गेली, आणि आवाज हायवेपर्यंत आम्हा दोघांनाही ऐकू येत राहिला.