उष्टं न चालणाऱ्या आमच्या बाई

कुमुदबाईंची आणि माझी ओळख माझ्या थुंकण्यातून झाली. गौरवग्रंथात असं वाक्य शोभत नाही हे मला कळतं, पण घडलं ते असं. जयगडहून रत्नागिरीला अकरावीत नुकती आले होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेव्हा पिपेट तोंडाने ओढायची पद्धत होती. मी जरा जोरात ओढलं, कॉस्टिक सोड्याचं पाणी जिभेवर आलं आणि मी समोरच्या बेसिनमध्ये पचकन थुंकले. बाई धावत आल्या. त्यांनी माझं तोंड नळाखाली धरलं, चुळा भरायला लावल्या, जीभ नीट बघितली. ती शाबूत आहे म्हटल्यावर मग नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "आता ते बेसिन घास. शी! मला बघवत नाही."

बाईंना उष्ट्याची विलक्षण किळस होती, हे या ग्रंथाच्या वाचकांना मी सांगायला नको. शिक्षककक्षात त्या स्वतःच्या फुलपात्राशिवाय पाणी पीत नसत. कुणी बोटाला थुंकी लावून त्यांच्या पुस्तकाचं पान उलटलं, की "ते आता तूच ठेव" म्हणत. माझ्याकडे पाठ्यपुस्तक नव्हतं. त्यांचं बघायला घेतलं आणि नकळत बोट जिभेला लावलं, तर तेही असंच माझं झालं. पुढे त्याच पुस्तकावर बारावी काढली आणि दातांची डॉक्टर झाले. बाईंनी ते पुस्तक मुद्दाम माझ्यासमोर ठेवलं होतं का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तर अशा बाईंनी निवृत्तीनंतर संशोधनाला विषय कोणता घ्यावा? लाळ! मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण नाही. अभियांत्रिकीच्या काही प्राध्यापकांना हाताशी धरून त्यांनी नखाएवढी एक पट्टी तयार करायला घेतली होती. ती तोंडात बसवायची, लाळेतल्या साखरेवरून रक्तातल्या साखरेचा अंदाज घ्यायचा आणि आकडा मोबाइलवर पाठवायचा. सुई नाही, रक्त नाही. "पण बाई, तुम्हाला तर किळस…" मी म्हणाले. "तो माझा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "रोज बोटं टोचून घेणाऱ्यांनी त्याचं काय करायचं?"

खरा धक्का पुढे होता. एका सकाळी बाई माझ्या दवाखान्यात आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ही मागची दाढ काढ." मी आरसा घालून पाहिलं. दाढ ठणठणीत! सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या तोंडात इतके सुंदर दात, की मी त्यांचा फोटो दवाखान्यात लावावा. "दुखते का?" "नाही गं. पट्टीला जागा हवी. माझ्या तोंडात राहिल्याशिवाय ती दुसऱ्याच्या तोंडात जाणार नाही." मी हातातला आरसा ट्रेमध्ये आपटला. ज्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नाही, त्या बाईंवर मी चक्क ओरडले, "बाई, तुम्हाला वेड लागलंय का?" बाहेर बसलेला पेशंट उठून निघून गेला. शेवटी मी दातांना अडकवायची एक तार करून तिच्यावर ती पट्टी बसवून दिली आणि दाढ वाचवली. कितीतरी महिने बाई ती घालून हिंडल्या. त्या काळात त्या 'स' नीट म्हणू शकत नव्हत्या, हे बहुतेकांना आठवत असेल.

त्यानंतर पट्टी माझ्या आईच्या तोंडात गेली. आई जयगडला मासळी विकायची. तिला मधुमेह, आणि सुईचं नाव काढलं की घर डोक्यावर घेणार. तिला खालची कवळी होतीच, त्यात आम्ही पट्टी बसवली. आकडा आईजवळच्या मोबाइलवर यायचा आणि तिथून बाईंच्या. बाईंची अट कडक होती: रक्ताची तपासणी चालूच ठेवायची, पट्टीवर विसंबायचं नाही. आई कुरकुरली, पण बाईंपुढे तिचंही चालेना.

मे महिन्यातली गोष्ट. माझ्या समोर पेशंट आ वासून बसलेला आणि बाई दारात उभ्या. "तुझ्या आईचा आकडा सकाळपासून चढतोय. ती फोन उचलत नाही."

"आंबा चापला असेल हो."

"आंब्याचा आकडा चढतो तसा उतरतो. हा उतरत नाहीये. गाडी काढ."

जयगडपर्यंत मी गाडी कशी चालवली, देव जाणे. आई गेली, एवढंच डोक्यात. बाई शेजारी बसून सारखा फोन लावत होत्या.

पोहोचले तर आई ओट्यावर सुकट निवडत बसलेली, धडधाकट! मला बघून हसली, तर खालचं बोळकं दिसलं.

"आई, कवळी कुठाय?"

"तुज्या काकीला दिली. तिला पण बगायची होती साकर किती हाय ती. फोन पण दिलाय सोबत."

मी हादरलेच. दातांच्या डॉक्टरच्या सख्ख्या आईने कवळी उसनी दिली! "कवळी काय चप्पल आहे का गं, कुणीही पायात सरकवायला?" मी किंचाळले. आईचं आपलं चालूच, "अगो, धुवून दिली!" मला वाटलं, हे ऐकून बाईंना आता इथेच भोवळ येणार. मागे वळून बघते तर बाई नाहीत. मी भांडत बसले होते तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं होतं, की आकडा आईचा नाही, काकीचा आहे.

काकीचं घर शेजारीच. मी धावले. काकी चटईवर पडलेली, श्वास खोल, डोळे अर्धवट, हाकेला ओ नाही. कित्येक दिवस तिला थकवा होता, घशाला सारखी कोरड पडायची. उन्हाचं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. खालचे दात तिलाही नव्हते, पण दुसऱ्याच्या मापाची ती कवळी सटकून घशाकडे गेली होती. आणि आमच्या बाई, ज्यांनी जन्मात कुणाचं उष्टं पाणी प्यायलं नाही त्या बाई, गुडघे टेकून उघड्या बोटांनी काकीच्या तोंडातून ती कवळी ओढून काढत होत्या.

काकीला कुशीवर वळवून आम्ही गाडीत घातलं. आई पुढे बसून देवाचा धावा करत होती. रत्नागिरीच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, साखर भलतीच चढली आहे, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. ते ऐकलं मात्र, बाई तडक आवारातल्या नळाकडे गेल्या आणि भडाभडा ओकल्या. कवळी तोवर त्यांच्या मुठीतच होती. मी पाठ चोळत उभी राहिले. तेव्हा कळलं, बाईंची किळस मुळीच गेलेली नव्हती. तेवढा वेळ त्यांनी तिला थांबायला सांगितलं होतं.

'यंत्राने प्राण वाचवले' असा या लेखाचा मथळा मी आधी ठरवला होता. बाईंनी ते वाचून वही परत केली. "यंत्र कुणाच्या तोंडात आहे हेसुद्धा त्याला कळलं नाही. अजून खूप तपासायचंय. खोटं छापू नकोस." मी मथळा बदलला. काम अजून चालू आहे, आणि प्रत्येक नवी पट्टी आधी बाईंच्याच तोंडात जाते.

काकी आता बरी आहे. आईला जमत नाही ते करते, रोज स्वतःच बोट टोचून घेते. बाईंच्या पंचाहत्तरीचं कळल्यावर तिने निरोप धाडला, "बाईंना सांग, माज्या तोंडात हात घातलात, आता माज्या ताटात घाला. जेवायला या." मी तो बाईंना जसाच्या तसा सांगितला. बाई डोळे पुसून म्हणाल्या, "येते म्हणावं. पण ताट वेगळं वाढायला सांग हं. आणि फुलपात्र मी माझं आणते."

बाई, आम्हा सगळ्यांचं मागणं एवढंच आहे: तुम्ही शंभरी गाठा, निरोगी राहा. तुमची ती दाढ शेवटपर्यंत तुमच्याच तोंडात राहो आणि तुमचं ते फुलपात्र आमच्या घराघरांतून हिंडत राहो. काकी पान मांडून वाट बघते आहे.