माझा नवरा श्वास घेत नाहीये

माझा नवरा गेल्या वर्षी एका सकाळी वारला आणि दुपारी जेवायला घरी आला. मधल्या वेळात त्याला श्रद्धांजली वाहून झाली होती, शेजारी पिठलं-भात शिजला होता आणि त्याचा पुतण्या ठाण्याच्या ऑफिसातून हाफ डे टाकून निघालेला. (तो हाफ डे फुकट गेला म्हणून पुतण्या अजून आमच्याशी धड बोलत नाही.) या सगळ्याला जबाबदार कोण, असं विचाराल तर मी. म्हणजे खरं तर इंग्रजी भाषा जबाबदार आहे, पण तिला कोण बोलणार!

आता नीट सांगते. मी डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. रिटायर झाले आणि महिन्याभरात घर खायला उठलं. सुधीर, म्हणजे माझा नवरा, माझ्या आधीच रिटायर होऊन घरात ठाण मांडून बसलेला. त्याचं पेपर वाचणं मोठ्याने, शिंकणं मोठ्याने, आणि फोनवर बोलणं तर असं, की पलीकडच्याने फोन ठेवून दिला तरी ऐकू जावं. शेवटी माझ्या भाचीला दया आली. तिने मला एक काम शोधून दिलं. घरी बसून लॅपटॉपवरून परदेशातल्या लोकांना इंग्रजी शिकवायचं. आधी थोडे दिवस चाचणी, आणि शेवटच्या तासाला संस्थेचा एक साहेब, तोही मराठीच, स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून गुपचूप बसणार, ऐकणार आणि मला ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार. जन्मभर पोरांच्या परीक्षा घेतल्या, त्यांचे तळतळाट असे फळाला आले.

माझ्या वाट्याला आली युको. जपानमधल्या कुठल्याशा लहान गावातली, साधारण माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याचं हृदय नाजूक. मुलगी कॅनडात, आणि दोघं तिच्याकडे कायमची राहायला निघालेली. मुलगी दिवसभर कामावर असणार. युकोला एकच धास्ती होती. तिकडे घरात दोघंच असताना नवऱ्याला काही झालं, तर फोन उचलून सांगायचं काय आणि कसं?

हे तिने मला सांगितलं नाही, टाइप करून कळवलं. कारण युको बोलायचीच नाही! बाई हुशार, सगळं समजायचं, पण बोलायची वेळ आली की मान खाली आणि उत्तर चॅटमध्ये. फारच आग्रह केला तर पडद्यावर एक पिवळा अंगठा यायचा. (तो अंगठा माझ्या स्वप्नात यायला लागला होता.) आणि साहेबाची अट साफ होती. शेवटच्या तासाला विद्यार्थ्याने स्वतःच्या तोंडाने सलग बोललं पाहिजे. युकोने तोंड उघडलं तर मी राहणार, नाही उघडलं तर मी आणि सुधीरच्या शिंका.

शेवटच्या तासाचा दिवस उजाडला. नेमकी त्याच सकाळी वायफायने मान टाकली. माझ्या फोनमध्ये नेट नाही, तो बंद करून ठेवला, मग सुधीरचा फोन काढून घेतला आणि त्याच्या नेटवर लॅपटॉप जोडला. दारावरची बेल बंद केली, मिक्सरची वायर काढून ठेवली. आता घरात आवाज करणारी एकच वस्तू उरली होती. तिला मी पिशवी दिली आणि कोथिंबीर आणायला सांगितलं.

"कोथिंबीर आहे की," सुधीर म्हणाला.

"आणखी आण. आणि मी सांगेपर्यंत येऊ नकोस."

"सांगशील कशी? फोन तर तुझ्याकडे."

प्रश्न बरोबर होता, म्हणून मला राग आला. जेवायला ये म्हटलं आणि दार लावलं.

बेडरूममध्ये बसले, दरवाजा बंद, कानावर हेडफोन. हा हेडफोन म्हणजे पुतण्याने दिलेला भलामोठा प्रकार. तो घातला की बाहेर तोफ उडाली तरी कळत नाही. आणि आपण स्वतः किती ओरडतोय तेही कळत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. खिडकी उघडी होती. समोरच कुलकर्णीकाकांचं स्वयंपाकघर. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि अख्ख्या मजल्यावर इंग्रजी कळणारे माझ्याखेरीज तेवढेच.

धडा होता, संकटात फोन कसा करायचा. आधी मी करून दाखवणार, मग युको. माझा शाळेपासूनचा दंडक आहे की उदाहरणात पत्ता खरा घ्यायचा, खोटा घेतला की मुलं अडखळतात. म्हणून मी माझा पत्ता घेतला. छातीवर हात ठेवला आणि जीव तोडून ओरडले, "हेल्प! माय हजबंड इज नॉट ब्रीदिंग! थर्ड फ्लोअर, ठाकुर्ली ईस्ट! प्लीज कम क्विकली!"

पडद्यावर अंगठा आला.

मी पुन्हा ओरडले, आणखी मोठ्याने. पुन्हा अंगठा. मग वाटलं, बाईला वेग झेपत नसेल. मी तेच सगळं सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. मग नुसतं 'नॉट ब्रीदिंग' तीनदा म्हटलं. मग "आता भावना ओतून" असं इंग्रजीत बजावून परत पहिल्यापासून.

पलीकडे काका लसूण सोलत होते. त्यांनी नंतर सांगितलं की पहिली किंकाळी ऐकली तेव्हा ते उठून उभे राहिले, दुसऱ्या वेळी त्यांच्या हातातून लसूण पडला, आणि मी सावकाश बोलायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, धक्क्याने वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. ते धावत आमच्या दाराशी आले. बेल बंद. दार बडवलं, मला काय ऐकू येणार! त्यांनी सुधीरला फोन लावला. तो फोन माझ्यासमोर थरथरला, त्यासरशी नेट अडखळलं आणि युकोचं चित्र तोंड अर्धवट उघडं असताना गोठलं. मेली इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडत होती! मी फोन कट केला. तो परत आला, परत कट. तिसऱ्यांदा नावसुद्धा बघितलं नाही.

काकांनी ग्रुपवर एवढंच टाकलं की तिसऱ्या मजल्यावर सुधीररावांना काहीतरी झालंय, मंडळींनी या. यात काय चुकलं? काही नाही. पण सोसायटीच्या ग्रुपवर माणसं पूर्ण वाचतात कुठे! बी विंगमधल्या कुणीतरी लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, आणि एकाने टाकलं की मागे राहणं बरं दिसत नाही. धडाधड हात जोडलेले आले. कोणीतरी सत्यनारायणाच्या पूजेतला सुधीरचा फोटो कापून टाकला. (त्यात माझा खांदा आहे. बाकीची मी कापली गेले.) तिथून तो फोटो विठ्ठलवाडीला माझ्या नणंदेकडे गेला. शैलाताईंनी भावाला फोन लावला, तो कोणीतरी कट केला. त्या रडत रिक्षात बसल्या आणि बसल्या बसल्या ठाण्याला पुतण्याला कळवलं.

इकडे मी घामाघूम. तासाचा बराचसा भाग सरलेला. कोपऱ्यात साहेबाचा काळा चौकोन, त्यात नुसतं नाव. तो जागा आहे, झोपलाय की मला नारळ द्यायचं पत्र लिहितोय, काही कळायला मार्ग नाही. मला रडू यायच्या बेतात होतं. शेवटी मी शिकवणं सोडलं आणि युकोला साध्या शब्दांत म्हटलं, अगं, मी समोर आहे तोवर चुकून घे. तिकडे तू एकटी असशील. तो खाली पडलेला असेल आणि फोनवरच्या माणसाला तुझा अंगठा दिसणार नाही.

तिने मान वर केली. डोळे भरले. तिने श्वास घेतला. आता बोलणार! मी पुढे वाकले.

आणि तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती. पडद्याच्या कोपऱ्यात माझं छोटं चित्र असतं, त्यात मी पाहिलं. माझ्यामागचा दरवाजा उघडत होता.

काकांकडे आमची जादा किल्ली असते. डोंबिवली-ठाकुर्लीत कोणाची नसते शेजारी? ती त्यांच्या कपाटात सापडायला इतका वेळ लागला, एवढंच. पुढे काका, मागे शैलाताई आणि बिल्डिंगमधली मंडळी, आणि सगळ्यांच्या पुढे तळमजल्यावरच्या म्हात्रे मावशी. आमची बिल्डिंग उभी आहे ती मावशींच्या सासऱ्याच्या शेतावर, त्यामुळे मयत कोणाच्याही घरी असो, पहिला मान त्यांचा. मी साहेबासमोर ओरडू शकत नव्हते आणि उठूही शकत नव्हते. चेहरा हसरा ठेवून हाताने नुसतं 'जा, जा' करत राहिले. ते बघून काकांची खात्रीच झाली की वहिनी कामातून गेल्या.

मावशींनी माझा हेडफोन वायरीसकट उपटला, मला खुर्चीतून ओढलं आणि छातीशी घट्ट आवळलं. "रड गो बाय, रड. मनान ठेवू नुको."

मावशींच्या मिठीत माणूस रडू शकत नाही. बोलू शकत नाही. खरं तर काहीच करू शकत नाही. माझं नाक-तोंड त्यांच्या पदरात पक्कं दाबलेलं, मी हात मारतेय, आणि मागून शैलाताईंचा हंबरडा, "माझा भाऊ गेला आणि ही कम्प्युटरवर बसलीये!"

आणि तेवढ्यात लॅपटॉपमधून असा काही आवाज आला, की सगळे जागच्या जागी थिजले.

"हेल्प! माय टीचर इज नॉट ब्रीदिंग! थर्ड फ्लोअर, ठाकुर्ली ईस्ट! प्लीज कम क्विकली!"

युको खुर्चीतून उठून उभी होती. तिच्या देखत पाच-सात अनोळखी माणसं टीचरच्या खोलीत घुसली होती आणि एक बाई टीचरचा जीव घेत होती. ती थांबेचना. तेच परत, आणखी मोठ्याने, एकही शब्द न गाळता. पत्त्यासकट! मी पदराच्या आत गुदमरत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, शाब्बास गं माझे बाई, शाब्बास.

मावशींनी घाबरून काकांना विचारलं, ती काय सांगतेय. काकांनी थोडक्यात भाषांतर केलं. "ती म्हणते, बाईसुद्धा गेल्या."

त्याच सुमारास सुधीर जिना चढून आला. आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग बघून बिचारा गर्दीच्या मागे थांबला आणि पुढच्याला हळूच विचारलं, कोण गेलं. पुढच्याने मागे न बघता सांगितलं, सुधीरराव. "अरेरे," सुधीर म्हणाला आणि पिशवी खाली ठेवून त्याने हात जोडले. माझा नवरा हा असा आहे. मग त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि मग त्याला शिंक आली.

ती शिंक ओळखायला पुरावा लागत नाही. शैलाताई वळल्या. काकांनी भिंत धरली. मावशींची मिठी सुटली आणि माझ्या छातीत हवा गेली.

लॅपटॉपमधून पहिल्यांदाच साहेबाचा आवाज आला. त्याने इंग्रजीत सगळ्यांचे आभार मानले, तास संपल्याचं सांगितलं आणि पडदा काळा झाला.

सुधीर दारात उभा, हातात कोथिंबिरीच्या दोन जुड्या. मला सकाळपासून किती वेळा आपण त्याला मारलं ते एकदम आठवलं. आणि अख्खी बिल्डिंग ज्याला पोचवायला निघाली होती, तो समोर घामेजून उभा आहे, हे बघून मला जे रडू कोसळलं ते आवरेचना. तो बावचळून म्हणाला, "अगं, ताजी आहे, वास घेऊन बघ." मी आणखीच रडले. पण हे कोणी पाहायला नको होतं का? लॅपटॉप नेमका तेव्हाच बंद!

युको आता कॅनडात आहे. अधूनमधून फोन करते, आणि सुरुवातच "टीचर, आर यू ब्रीदिंग?" अशी करते. तिच्या नवऱ्याची तब्येत ठीक आहे. पिठलं-भात आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला, मेल्या माणसाने दोनदा घेतला.

आणि संस्थेने मला ठेवलं. साहेबाचा शेरा आला. त्याला वाटलं, हे सगळं मी धड्यासाठी बसवलेलं नाटक! धडा जिवंत करायला बाईंनी माणसं गोळा केली, शेजाऱ्यांचं काम उत्तम, नणंदेचा शोक तर अस्सल, असं त्याने तोंड भरून लिहिलंय. फक्त शेवटी एक सूचना होती. नवरा गेल्याचं दुःख बायकोच्या चेहऱ्यावर अजिबात दिसलं नाही, तेवढा अभिनय सुधारावा.

ती ओळ सुधीरने फ्रिजच्या दारावर चिकटवली आहे. कोथिंबीर काढायला गेले की मला रोज वाचावी लागते.