रांगोळीतल्या पांढऱ्या जागा

आमच्या धाराशिवात सत्कार करायला निमित्त लागत नाही. शाल, नारळ अन् माईक एवढं जमलं की झालं, खांदा कुणाचा ते मागाहून ठरतं. मी सगळा जन्म शाळेत घालवलाय, असले सत्कार पोत्यानं बघितलेत. पण परवाच्या सत्कारानं माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर नाही.

सत्कार होता माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरीचा. पोरगी सास्तूरची. इथं एका शाळेत चित्रकला शिकवते अन् माणसांच्या चेहऱ्यांच्या रांगोळ्या काढते, अख्खी जमीन व्यापतील एवढ्या मोठ्या. तिला कोड आहे. ओठाच्या कडेला, डाव्या पापणीवर, मानेवर, हातांवर. आधी ती पण सगळ्यांसारखी देवांच्या अन् थोरामोठ्यांच्या रांगोळ्या काढायची. मग एका दिवाळीत तिनं माझ्या अंगणात स्वतःचाच चेहरा काढला, डागांसकट. सावळ्या रंगात ते डाग तिनं कोऱ्या पांढऱ्या रांगोळीनं काढले होते. डोळे तर असे, की बघणाऱ्यानंच नजर खाली घालावी. मी झाडू हातात धरून तिथंच उभी राहिले. त्यात सजवणं नव्हतं अन् रडगाणंही नव्हतं. ही मी, एवढंच होतं. त्या दिवशी मला कळलं की आपल्या माडीवर कोण राहतंय.

गावाला कळायला मोबाइल लागला. कुणीतरी फोटो टाकला अन् तो घरोघर फिरला. मग काय, वरातीमागून घोडं! ज्या बाया हळदीकुंकवाला हिच्या कपाळाला लांबून बोट टेकवायच्या, त्यांना आता हिच्या गळ्यात हात टाकून फोटो पाहिजे. इथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्या घरी आल्या, माझाच चिवडा खाल्ला अन् मलाच सांगायला लागल्या, की आजच्या मुलींनी स्वतःला आहे तसं स्वीकारलं पाहिजे. हे बोलताना बाई माझ्या भिंतीवरच्या आरशात बघून रंगवलेले केस सारखे करत होत्या. मंडळानं सत्कार ठरवला. फ्लेक्स लागला, त्यावर पाहुण्यांचं डोकं कलिंगडाएवढं अन् पोरगी कोपऱ्यात लिंबाएवढी.

मी म्हटलं, कशाला जातीस असल्या तमाशाला? पण तिनं होकार दिला होता तो एकाच कारणासाठी. आईसाठी. पहिला डाग उठला तेव्हापासून आईनं रोज सकाळी पोरीला उन्हात बसवून डागांना बावचीचं औषध उगाळून लावलेलं. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायला लावल्या. लग्नकार्यात तिला कायम मागच्या ओळीत बसवली. तुळजापूरच्या देवीला काय काय नवस बोलली, ते देवीलाच ठाऊक. अन् पोरीची ही रांगोळी तिनं एकदाही बघितली नव्हती. फोटो दाखवला की मोबाइल पालथा करून ठेवायची.

पोरगी मला म्हणाली, "काकू, आईनं एकदा समोर उभं राहून बघावं. शाल त्यांची त्यांना लखलाभ."

सत्काराच्या दिवशी सकाळपासून ती हॉलच्या दारात तोच स्वतःचा चेहरा रांगोळीनं काढत बसली होती. दुपारी चित्र झालं. रंगांचे डबे तिथंच ठेवून ती घरी आली, आंघोळ केली, साडी नेसली अन् स्टँडवरनं आईला घेऊन आली. आई एसटीतून उतरली ती तोंड पाडूनच. पोरीशी बोलेना. मला मात्र बाजूला घेऊन विचारलं, की चारचौघांत हे उघडं करायची काय गरज होती. मी म्हटलं, आधी बघा तर खरं, मग भांडू आपण.

आम्ही तिघी हॉलवर पोचलो. दारात रांगोळी होती, पण चेहऱ्यावर एक डाग नव्हता. ओठ, पापणी, मान, सगळं एकसारखं सावळं, गुळगुळीत. अध्यक्षीणबाई रंगाचे हात झटकत पुढं आल्या. चेहरा असा फुललेला, जसं काही आमच्यावर उपकारच केलेत. म्हणाल्या, तुम्ही घाईत गेलात, जागा रिकाम्या राहिल्या होत्या, आम्ही सगळ्याजणींनी मिळून भरून घेतल्या.

धन्य त्या अध्यक्षीणबाईंची! ज्या पोरीचा सत्कार तिच्या डागांमुळं, तिचं चित्र बघून या शहाण्यांना वाटलं की रंग कमी पडला. आत टेबलावर बाईंचं भाषण तयार, 'स्वतःला आहे तसं स्वीकारा'. नाकानं कांदे सोलणाऱ्या बाया नुसत्या! मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शाळेत पोरांना बोलले असते तर नोकरी गेली असती. बाईंना त्यातलं काही लागलं नाही.

त्या म्हणाल्या, "अहो, पण आता किती छान दिसतंय."

एवढं खरं बाई जन्मात कधी बोलल्या नसतील. पोरगी खाली वाकून डबे गोळा करायला लागली. मला रडू आलं ते रागानंच.

आई मात्र रांगोळीसमोर उभी होती. मला वाटलं, आता हिला समाधान झालं असंल. देवीजवळ इतकी वर्षं जो चेहरा मागितला तोच समोर होता, निर्मळ, बिनडागी. तिनं बराच वेळ बघितलं. मग पदर खोचला, खाली बसली अन् पोरीच्या हातातला पांढऱ्या रांगोळीचा डबा ओढून घेतला.

"सरक," म्हणाली.

चिमटीत रांगोळी घेऊन तिनं ओठाच्या कडेला सोडली. मग डाव्या पापणीवर. मग मानेवर, वर जरा रुंद अन् खाली निमुळती. शेजारी पोरगी बसलेली, पण आईनं एकदाही तिच्याकडं वळून बघितलं नाही. रोज बावची लावलेला हात तो, त्याला जागा विचारायची गरज नव्हती. पोरगी डोळे पुसायचं विसरून आईच्या बोटांकडं बघत राहिली.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले. बायांची धावपळ सुरू झाली. अध्यक्षीणबाई आईजवळ येऊन म्हणाल्या, की मावशी, उठा आता, राहू द्या, पाहुण्यांना आत यायचंय.

आईनं मान वर केली नाही.

"थांबा म्हनावं त्यास्नी," ती म्हणाली. "माज्या पोरीचं तोंड व्हायचंय अजून."

मग मीच जाऊन दारात आडवी उभी राहिले.